आग्या मोहोळाची नक्षी

“सुजाता, काच खाली घे की. हवा बघ किती छान आहे,” गाडी चालवता चालवता शिंदे सर म्हणाले. मी घेतली नाही. उलट बटण आणखी एकदा दाबून पाहिलं, काच पूर्ण वर आहे ना म्हणून. सरांच्या बाजूची काच मात्र पार खाली होती आणि माझी नजर सारखी तिकडंच जात होती.

आम्ही चाललो होतो खुलताबादच्या वाटेवरच्या एका कड्याकडं. कड्याला आग्या मोहोळं लोंबतात. ती पुण्याच्या देशपांडे मॅडमना बघायची होती. मॅडम म्हणजे आमच्या क्लायंट, पुढं सरांशेजारी बसलेल्या. शिंदे सर आमच्या हिमरू कापड विणणाऱ्या युनिटचे मालक. मी तिथली टेक्स्टाईल डिझायनर, म्हणजे कापडावर काय उगवायचं ते ठरवणारी बाई. मागच्या सीटवर माझ्या शेजारी नईमभाई बसले होते, मांडीवर नव्या कलेक्शनची शाल घेऊन. ती त्यांनीच विणली होती.

कलेक्शन आमच्या भागातल्या निसर्गावर होतं. सीताफळाची खवलं, वाळलेलं कुसळी गवत आणि आग्या मोहोळ. यातलं मोहोळ सगळ्यात भारी उतरलं होतं. आग्या मोहोळावर माशा एकीवर एक चिकटून बसतात आणि मधूनच सगळ्या मिळून अंग हलवतात. काळ्या मोहोळावरून चमकती लाट धावत जाते. ती लाट मी रेशमात पकडली होती. शाल जराशी हलवली की नक्षी सरकल्यासारखी दिसायची.

आता खरं सांगते. मी आयुष्यात एकही मोहोळ जवळून बघितलं नव्हतं. सगळं डिझाईन मोबाईलवरच्या व्हिडिओवरून केलं होतं. शाळेत असताना सिल्लोडला मामाकडं मला एक साधी मधमाशी मानेला चावली होती. घसा सुजला, श्वास अडकला, ओठ निळे पडले. डॉक्टर आईला म्हणाले, “हिला जपा. पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत वेळ मिळेलच असं नाही.” तेव्हापासून मी रसवंतीवर रससुद्धा पीत नाही, तिथं माशा असतात म्हणून. मग मोहोळच का काढलं? ज्याची भीती, त्याच्याकडंच डोळे जातात, दुसरं काय!

हे सरांना सांगायला हवं होतं. पण मॅडम आदल्या दिवशी म्हणाल्या, “निसर्गावरचं कलेक्शन म्हणता, तर तो निसर्ग दाखवा.” सर लगेच म्हणाले, “सुजाता दाखवेल ना, तिचा रोजचा अभ्यास आहे.” आता कुठल्या तोंडानं सांगू, की अभ्यास पलंगावर बसून केलाय?

कड्याखाली शेरडं चारणारी एक बाई बसली होती. आम्हाला बघून उठली.

“मव्हाळ बघायला आलाव व्हय? बघा, पण लांबून. अन् धूर करू नका बरं. धुरानं लई पिसाळत्यात.”

सरांनी ओठातली न पेटवलेली सिगारेट काढून पाकिटात ठेवली. “चला, आज तेवढंच पुण्य,” म्हणाले.

गाडी सावलीत लावून आम्ही थोडं पुढं गेलो. वर बघितलं, तर कड्याला मोहोळं लोंबत होती. व्हिडिओत आवाज नव्हता. इथं होता. जमिनीतून आल्यासारखा, जाडा, एकसुरी. मी ओढणी मानेभोवती गुंडाळून नईमभाईंच्या मागं उभी राहिले.

“क्या हुआ आपा? तबेत ठीक नै क्या?”

“ठीक है,” म्हटलं.

मॅडम खूश होत्या. शाल उन्हात धरून एकदा कड्याकडं, एकदा कापडाकडं बघत होत्या. मग त्यांनी शाल उलटी केली. हिमरूत उभा धागा सुती आणि नक्षीचा आडवा धागा रेशमी असतो. पुढून नक्षी दिसते, मागं सुटे धागे लोंबत राहतात. मॅडमनी त्यातला एक धागा बोटावर घेतला.

“हे रेशीमच आहे ना? मागच्या वर्षी एकानं माझ्या गळ्यात पॉलिएस्टर मारलंय.”

“शंभर टक्के, मॅडम. करा ना टेस्ट,” सर म्हणाले आणि खिशातून लायटर काढून दिला.

आमच्या धंद्यात याला बर्न टेस्ट म्हणतात. धाग्यांचा झुबका पेटवायचा. रेशीम असेल तर जळक्या केसाचा वास येतो आणि राखेचा बोटात भुगा होतो. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. दुकानात, युनिटमध्ये, प्रदर्शनात, आम्ही येता-जाता हे करतो. इतकं करतो, की ते कुणाला जाळणं वाटतच नाही. सिगारेट म्हणजे धूर. बर्न टेस्ट म्हणजे टेस्ट. आम्ही चौघं या धंद्यात मुरलेले, पण एकाच्याही डोक्यात ट्यूब पेटली नाही.

मॅडमनी मागचे सुटे धागे ओढून तोडले आणि झुबका केला. पेटवला. नाकाशी धरला. “हां, केसाचा वास! प्युअर!” करड्या धुराची बारीक रेघ सरळ वर गेली.

कड्यावर लाट धावली. मग दुसरी. मग थांबेचनात.

“अय्या, बघा बघा! अगदी तुमच्या कापडासारखं!” शाल नईमभाईंच्या हातात देऊन मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या.

“पळा!” शेरडंवाली ओरडली. “आलं खाली! पळा!”

सर गाडीकडं पळाले. मीही वळले, आणि मला ती उघडी काच दिसली. सरांच्या मागोमाग माशाही त्याच काचेतून आत शिरत होत्या. पुढं जावं तर गाडीत माशा, मागं कडा. मी नुसती उभी राहिले. आई गं, संपलं आता, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात अंगावर काहीतरी जड येऊन पडलं. नईमभाईंनी शाल टाकली होती.

“बैठ जाव आपा! हिलो नक्को!”

मी मटकन खाली बसले. दुसऱ्या बाजूनं मॅडम आत घुसल्या. दोघी गुडघ्यात डोकं घालून, शालीच्या कडा पायाखाली दाबून बसलो. वरून टपटप माशा आपटत होत्या. शाल उलटी पडली होती, सुटे धागे बाहेरच्या बाजूला. त्यात पाय अडकलेल्या माशा कानाशी भणभणत होत्या.

“अहो, एवढं काय? चावतील एक-दोन,” मॅडम कुजबुजल्या. त्यांचाही आवाज कापत होता.

“मला एक पण चालत नाही,” मी म्हटलं. “एक चावली तर श्वास बंद होतो. मरेन मी, मॅडम.”

आणि तेवढ्यात आम्हा दोघींना एकदमच कळलं, की एक आवाज शालीच्या आत आहे.

माशी माझ्या गुडघ्यावर बसली. सलवारवरून चालत मनगटाकडं निघाली. मला हात हलवता येईना, ओरडता येईना. मी डोळे मिटून घेतले. मग मॅडमच्या तोंडून “स्स्” असा आवाज आला. डोळे उघडले तर त्यांची मूठ घट्ट मिटलेली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मूठ उघडत नव्हत्या.

“गेली,” म्हणाल्या. “तुम्ही हलू नका.”

किती वेळ गेला, सांगता येत नाही. शेवटी सरांनी गाडीतल्या माशा हुसकल्या, सगळ्या काचा वर घेतल्या आणि हॉर्न वाजवत गाडी अगदी आमच्याजवळ आणून लावली. आम्ही शालीसकट आत सरकलो. नईमभाई शेरडंवालीबरोबर तिच्या घोंगडीखाली बसले होते. तेही आले, कान आणि मान सुजवून. मला एकही माशी चावली नव्हती. दवाखाना येईपर्यंत मी मॅडमचा सुजलेला हात धरून रडत होते.

ते तिघं इंजेक्शन घेऊन बाहेर आले, तोवर मॅडमकडून सरांना सगळं कळलं होतं. ते माझ्यावर उखडले. “अगं, आधी बोलायचं नाही का? तुझ्या जिवापुढं कसलं कलेक्शन!” मॅडम म्हणाल्या, “तिला कशाला बोलता? लायटर तुमचा, हात माझा.”

कलेक्शन मॅडमनी घेतलं, मोहोळाच्या नक्षीसकट. ती शाल मात्र त्यांनी विकायला ठेवली नाही. मागच्या धाग्यांत माशांचे काटे अडकलेत, ते जाऊ नयेत म्हणून धुवायलाही देत नाहीत.

माशी चावली तर लगेच घ्यायचं म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन आता कायम माझ्या पर्समध्ये असतं. बर्न टेस्ट आम्ही फक्त युनिटमध्ये, दार लावून करतो. आणि नवीन क्लायंट आला की रंगांचं शेड कार्ड उघडण्याआधी मी त्याला सांगून टाकते, “मला मधमाशी चालत नाही.” लोक जरा विचित्र बघतात. बघू देत. कापड रेशमाचं आहे की नाही, हे जाळून कळतं. शेजारच्या माणसाला काय चालत नाही, ते त्यानं तोंड उघडल्याशिवाय कळत नाही.