उमापूरच्या रानात पहिला व्हिडिओ

पुण्याहून अंबाजोगाईची एसटी सुटली, तेव्हा खिडकीशी बसलेले विनायक ओठांतल्या ओठांत भाषण पाठ करत होते. विनायक म्हणजे माझे यजमान. चिपळूणच्या शाळेत त्यांनी हयातभर मराठी शिकवलं, दर वर्षी स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन केलं आणि निवृत्त झाल्यावर ऐकायला मी एकटीच उरले, म्हणून जरा हिरमुसले. आमची मुलगी पुण्यात असते. तिनेच आमच्या डोक्यात भरवलं की दोघं फिरा आणि फिरलेलं लोकांना व्हिडिओतून दाखवा. चॅनेलही तिनेच उघडून दिलं. मोबाइलला लावायचं स्टँड आणि शर्टाला अडकवायचा इवलासा माइक दिला, तो चालू-बंद कसा करायचा तेही शिकवलं. बाबांनी बोलायचं आणि आईने टिपायचं, अशी वाटणी झाली.

ही वाटणी अशीच का, ते सांगायला हवं. मी बोलताना अडते. लहानपणापासूनच. शब्द 'क'पासून सुरू होणारा असला की जीभ टाळूला चिकटते ती सुटत नाही, आणि माझं नाव कल्पना. त्यामुळे मी घरी बसून ब्लाऊज शिवायचं काम पत्करलं. माप घ्यायला फार बोलावं लागत नाही. नजर मात्र शिवणकामाने चांगली झाली, म्हणून मोबाइल माझ्या हातात.

दुपारनंतर बालाघाटाचे डोंगर दिसू लागले. आपल्याकडे कोकणात डोंगरावर झाडीखाली जमीन दिसत नाही. इथे डोंगराची हाडं दिसतात. आणि त्या हाडांच्या पायथ्याशी नजर पोचेल तिथवर ज्वारी, कणसांनी जड झालेली. मी एसटीच्या खिडकीतून टिपत राहिले. नंतर पाहिलं तर त्यात निम्मा वेळ पुढच्या बाकावरच्या माणसाचं मुंडासं होतं.

अंबाजोगाईला माझी मावसबहीण सुनंदाताई राहते. ती इस्पितळात परिचारिका आहे. तिने आम्हाला पाय धुवायलाही वेळ दिला नाही, ताटावर बसवलं. ज्वारीची भाकरी आणि येसर (डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ) घालून केलेली आमटी. आमटी अशी तिखट होती की विनायकांचे डोळे भरून आले आणि तरी ते वाटी पुढे करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या चौकात आमचं पहिलं चित्रीकरण झालं. विनायकांनी माइक लावला, घसा खाकरला आणि 'विद्येचं माहेरघर असलेल्या या पुण्यनगरीत' असं सुरू केलं. हातवारे जोरात होते. पाहता पाहता माणसं जमली. टपरीवरचा चहावाला गाळणी हातात घेऊनच पुढे आला, सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "ताई, सायेब कुण्या पक्षाकडून उभारलेत?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्याला ते खरं वाटलं नसावं, कारण त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

तिथून आम्ही माजलगावला गेलो. रस्त्यावर उसाचंच राज्य होतं. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका रचलेला की मागून पाहिलं तर उसाचं बेटच चालत निघाल्यासारखं वाटे. धरणाच्या भिंतीवर वारा मी म्हणत होता. सिंदफणेचं पाणी पार क्षितिजाला टेकलेलं. विनायक म्हणाले, समुद्राची आठवण येते. हे वाक्य त्यांनी पाठ केलेलं नव्हतं आणि दिवसभरातलं तेवढंच मला आवडलं. मी तसं सांगणार, तोच त्यांची टोपी उडाली आणि दगडी उतारावरून गडगडत पाण्याकडे गेली. मासे घेऊन चाललेल्या एका माणसाने ती आणून दिली आणि बजावलं की इथं टोपी खिशातच ठेवायची असते.

संध्याकाळच्या आत उमापूर गाठलं. गेवराई तालुक्यातलं हे मोठं गाव. तिथे सुनंदाताईचे दीर बापूराव राहतात. भरपूर शेती आहे, एकेकाळी सरपंच होते, आणि अजूनही गावात कुणी शिंकलं तरी त्यांना कळवलं जातं. त्यांनी सकाळी आम्हाला रानात नेऊन हुरडा खायला घातला. गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. माझे हात पोळले, पण मी थांबले नाही.

शेजारच्या, कापूस काढून मोकळ्या झालेल्या शेतात मेंढ्या बसल्या होत्या. मेंढपाळांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे घर नव्हे, माणसं, मेंढ्या, घोडी, कोंबड्या आणि कुत्री असा सगळ्यांचा फिरता मुक्काम. शेतकरी त्यांना बोलावून बसवतो, कारण लेंड्यांचं खत मिळतं. भोवती वाघूर (मेंढ्या आत राहाव्यात म्हणून लावायची जाळी) ताणलेली होती, आणि चुलीपाशी काशीबाई भाकरी थापत होत्या.

काशीबाई माझ्याच वयाच्या असतील. उन्हाने करपलेला चेहरा, कपाळावर मोठं कुंकू आणि मांडीवर एक दिवसाचं कोकरू झोपलेलं. विनायकांनी त्यांना माइक लावला आणि प्रश्न विचारले. प्रश्न लांबलचक होते. काशीबाईंनी ते सोडून दिले आणि मनातलं बोलायला लागल्या. एकदा नदी ओलांडताना घोडीच्या पाठीवर भांडी, भांड्यांत कोंबडी आणि कोंबडीखाली अंडी होती, तरी एकही फुटलं नाही, हे त्या अशा सांगत होत्या की बापूराव हसून हसून खाली बसले. मग काशीबाईंनी कोकराला निजवायची ओवी म्हटली. मोबाइल हलू नये म्हणून मी श्वास रोखून उभी होते.

घरी आल्यावर बापूरावांच्या ओसरीवर आम्ही सगळे तो व्हिडिओ पाहायला बसलो. चित्र सुरेख आलं होतं. काशीबाईंचे ओठ हलत होते, बापूराव हसत होते, आणि आवाज नव्हता. पुढे ओढून पाहिलं, मागे ओढून पाहिलं. विनायकांनी माइकची कळ दोनदा दाबली होती. एकदा चालू, एकदा बंद.

विनायक माइककडे पाहत बसले. चहा निवला. मोठ्या सभागृहाला गप्प बसवणारा माणूस स्वतःच इतका गप्प झालेला मी पाहिला नव्हता. सकाळी पुन्हा जाऊ आणि पुन्हा विचारू, असं मीच अडखळत म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली.

सकाळी गेलो तर शेत रिकामं. जाळी नाही, घोडी नाही, चुलीच्या दगडांत राख आणि शेतभर लेंड्या. बापूरावांनी कपाळाला हात लावला. मेंढरं उजाडायच्या आधीच हलतात, हे सांगायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मग त्यांनी जीप काढली आणि आमची शोधमोहीम सुरू झाली. ज्याला विचारावं तो खात्रीने सांगे, आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. बांधावर बसलेल्या एका म्हातारबाबांनी पूर्वेला हात केला. आम्ही निघालो, तर मागून हाक मारून म्हणाले की ते मागच्या आठवड्यातलं सांगितलं. एका वस्तीवर आम्हाला पाणी आणि धपाटे (मिश्र पिठाची तिखट थालीपिठासारखी भाकरी) मिळाले, पत्ता मिळाला नाही. विनायक पुढच्या सीटवर बसून धपाटा खात होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत होता. मला वाटलं, मेंढ्या नाही सापडल्या तरी हा दिवस वाया जायचा नाही.

पण सापडल्या. दुपार कलता कलता कॅनॉलच्या कडेला धुळीचा पडदा दिसला आणि त्यातून घंटांचा आवाज आला. घोडीच्या पाठीवरच्या भांड्यांत कोंबडी बसलेली होती. काशीबाईंनी आम्हाला पाहिलं आणि काही विसरलं का म्हणून विचारलं. विनायकांनी हात जोडून सगळा प्रकार सांगितला. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या की कालचं बोलणं काल गेलं, ते तसंच परत कसं येणार. तरी बाभळीच्या सावलीत बसल्या आणि आम्हालाही बसवलं.

विनायक आपल्या शर्टाला माइक लावायला लागले. काशीबाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुमी कावून (का) बोलत न्हाई, बाई? काल धरनं बगते. सगळं सायेबच इचारतेत."

मी विनायकांकडे पाहिलं. माझ्या वतीने उत्तर द्यायची त्यांना सवय आहे. त्यांचं तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी ते मिटलं आणि शर्टाला लावलेला माइक काढून माझ्या पदराला अडकवला. कळ एकदाच दाबली आणि बारकासा दिवा लागलेला मला दाखवला. मग माझ्या हातातला मोबाइल घेऊन ते समोर जाऊन उकिडवे बसले.

मी काशीबाईंना सांगितलं की मला बोलताना अडतं. हे सांगतानाही अडलं. लोक अशा वेळी माझा शब्द पुरा करून देतात, किंवा दुसरीकडे बघतात. काशीबाईंनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. कोकरू मांडीवर घेतलं, त्याच्या कानातला काटा काढला आणि म्हणाल्या, "बोला की. आमाला कुटं गाडी धरायचीय."

माझा पहिला शब्द त्यांचं नाव होता. 'का'वर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्या बघत राहिल्या, नाव ऐकायचं आहे म्हणून थांबलेल्या माणसासारख्या. नाव आलं. मग प्रश्न आला. मी विचारलं की सारखं चालताना कंटाळा येत नाही का. त्यांनी विचार केला आणि सांगितलं की कंटाळा यायला बाई एका जागी बसलेली असावी लागते.

"तुमी काय काम करता?" त्यांनी विचारलं.

ब्लाऊज शिवते म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. त्यांनी हात वर करून स्वतःच्या चोळीची काख दाखवली, लई ओढते म्हणाल्या, भाकरी थापताना तर फारच. मी माझ्या बोटांनी माप घेतलं आणि काखेत तिरकी पट्टी कशी घालायची ते सांगितलं. त्यांच्या सुनेलाही जवळ बोलावलं. आता मी शब्द निवडत नव्हते, जिथे अडत होतं तिथे अडत होतं. मुलाखत कुणाची चाललीय हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. शेवटी ओवी म्हणायला सांगितलं तर त्यांनी कालची म्हटली नाही. तिथल्या तिथे नवी जुळवली. तिच्यात कोकणातून मेंढ्यांमागे धावत आलेली एक शिंपीण होती आणि टोपी सांभाळणारा तिचा नवरा होता. टोपीची गोष्ट त्यांना बापूरावांनी सांगितली असणार. मी आणि त्या दोघीही हसत होतो, आणि समोर मोबाइल गदागदा हलत होता, कारण विनायकही हसत होते.

निघताना त्यांच्या मुलाने आमचा नंबर घेतला.

पुण्यात परत आलो आणि मुलीच्या घरी व्हिडिओ कापायला बसलो. विनायकांनी बऱ्याच ठिकाणी माझं कपाळ उडवलं होतं, मेंढ्या मात्र पूर्ण आल्या होत्या. आवाज स्वच्छ होता. माझे अडलेले शब्दही तितकेच स्वच्छ होते. मी मुलीला म्हटलं, ते तेवढे काढून टाक. तिने काढले. कुठे काही कळत नव्हतं, मी घडाघडा बोलत होते. जन्मात प्रथमच मी स्वतःला असं ऐकलं आणि मला गंमत वाटली.

पण पाहता पाहता काहीतरी खटकलं. काशीबाई घाईत वाटत होत्या. माझा प्रश्न संपतो न संपतो तोच त्या उत्तर देत होत्या. बाभळीखाली तर असं काही झालं नव्हतं. मुलीला मी आधीचं पुन्हा लावायला सांगितलं. तिथे मी 'का'वर अडले होते आणि पडदाभर काशीबाईंचा चेहरा होता, पापण्या न हलवता माझ्याकडे पाहणारा. मग नाव आलं आणि त्यांच्या गालांवर हसू आलं. माझं अडणं कापलं तेव्हा हा चेहराही कापला गेला होता. विनायक म्हणाले, "राहू दे गं." मी 'हो' म्हटलं.

तसाच व्हिडिओ आम्ही लोकांपुढे ठेवला. पाहणारे थोडे आहेत. त्यांत आमच्या गल्लीतले बरेच आणि उमापूरचे त्याहून जास्त. बापूरावांची तक्रार आहे की त्यांची फक्त पाठ आली.

चिपळूणला आल्यावर एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. फोन मी घेत नाही. समोरच्याला माझा चेहरा दिसत नाही, मी अडले की आवाज येत नाही असं समजून माणसं ठेवून देतात. विनायकांनी नंबर पाहिला आणि फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला. पलीकडून घंटांचा आवाज येत होता, कुत्रं भुंकत होतं, वारा होता. मला त्यांचं नाव घ्यायचं होतं आणि ते नेहमीसारखं अडलं. पलीकडे कुणी हॅलो हॅलो केलं नाही. मेंढ्या चालत राहिल्या. नाव सुटलं, तेव्हा काशीबाई म्हणाल्या, "पट्टी घातली, बाई. हात आता पार वर जातुया."