विहिरीपर्यंतचा कोबा

आमच्या घरात पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा मान अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लहान वयातच कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आलेली. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. धारवाडला मळमड्डीत आमचं घर, मागं परस, परसाच्या टोकाला विहीर. अक्का अंधारात विहिरीवर जायच्या, स्वतः पाणी शेंदायच्या, तिथंच आंघोळ करून ओलेत्यानं देवाची घागर भरून आणायच्या. त्या घागरीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे, माझाही नाही. मी मुळातच फटकळ. लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा तोंडावर म्हणालेही, की मी काय चिखलात लोळून येते होय? अक्का नुसत्या हसल्या. त्यांचं हे हसणं मला फार दिवस झोंबत असे.

पुढं त्यांची दृष्टी गेली. एकदम नाही, हळूहळू, दिव्यातलं तेल संपावं तशी. डॉक्टरांनीही हात टेकले. घरात त्यांचं काही अडत नसे. भिंत धरून चुलीपाशी जात, मसाल्याचे डबे वासावरून ओळखत, आणि मी भाजीत मीठ विसरले की उकळीच्या आवाजावरूनच समजलं असं मला खुशाल सांगत. ती थाप होती, पण माझा विश्वास बसायचा. परसात मात्र भिंत कुठली आणायची? मागच्या दारापासून विहिरीपर्यंत सगळी तांबडी माती, पावसाळ्यात नुसता राडा. एका आषाढात त्या घागरीसकट पडल्या. कंबर धरली, महिनाभर अंथरुणावर होत्या. देवाचं पाणी तेवढे दिवस मी भरलं. तेवढे दिवस त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

उठून चालायला लागल्या त्या दिवशी त्यांनी भावाला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "तम्मा, मला विहिरीपर्यंत हात धरून न्यायची वेळ आली, की मला मठात नेऊन सोड. तुमच्या संसारात मी धोंड होऊन राहणार नाही."

त्यांच्या सासरगावी मठ होता, तिथं अशा चार-दोन बायका देवाचं करत दिवस काढायच्या. अक्का बोलल्या म्हणजे करणाऱ्या. यजमानांचा चेहरा पार उतरला. रात्री जेवताना ते मला म्हणाले की विहिरीपर्यंत पक्की वाट करायची. गवंड्याला बोलवा, मी म्हटलं. तर म्हणाले, अक्काची वाट मी करणार. हे गृहस्थ शाळेत गणित शिकवणारे, घरात साधा खिळा ठोकायचा तर अंगठा ठेचून घेणारे. पण ऐकतात कुणाचं!

उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी काम काढलं. हुबळीला जाऊन दुर्गदबैलाच्या बाजारातून गूळ आणि हिरडा घेऊन आले. चुनखडीच्या भट्टीवरून कळीचा चुना आणला, परसात खड्डा करून भिजत घातला. तो रटरट उकळायला लागला तेव्हा अक्कांनी पायरीवरूनच विचारलं, अग, आमटी उतू चालली का बघ. मग चाळलेली वाळू, विटांचा चुरा, गुळाचं नि हिरड्याचं पाणी, सगळं घमेल्यात कालवायचं, दोन्हीकडं फळ्या लावून मधे ओतायचं आणि लाकडी चोपण्यानं चोपत बसायचं. असा चुन्याचा कोबा नीट जमला तर दगडाला मागं सारतो. माझ्या हातांना फोड आले. गूळ यांनी अंदाजे टाकला, म्हणजे भरमसाट टाकला, आणि दुसऱ्या दिवशी मळमड्डीतली झाडून सगळी मुंग्यांची बिऱ्हाडं आमच्या परसात हजर. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, मास्तर, वाट केलीत का चिक्की? यजमान हसले नाहीत. मी मात्र पदर तोंडाला लावून पळाले.

दोन्ही कडांना त्यांनी बोटभर उंच काठ ठेवला, अक्कांच्या पायाला वाट कळावी म्हणून. मुंग्या गेल्या, चोपणं संपलं, तरी यांचं समाधान होईना. हुबळीच्या एका पेढीवर त्यांनी आरशासारखा घोटलेला कोबा पाहिला होता. झालं! नदीतला गुळगुळीत गोटा आणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून घोटायला बसले. घोटता घोटता गुणगुणायचे. अक्का पायरीवर बसून ऐकायच्या.

वाट वाळली, अक्का पहिल्यांदा तिच्यावरून विहिरीवर जाऊन आल्या. पायाला किती गार लागतं रे, म्हणाल्या. यजमान दिवसभर उगीचच घरात येरझारा घालत होते.

मग आषाढ लागला. धारवाडचा पाऊस कोसळत नाही, दिवसच्या दिवस भुरभुरत राहतो. जिटीजिटी मळी म्हणतात आमच्याकडं. एका पहाटे मला जाग आली तर रहाटाचा आवाज नाही. अक्का चुलीपाशी कोरड्या लुगड्यात बसलेल्या. अंग मोडून आलंय, आज तू भर पाणी, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गुडघा धरला होता. त्यानंतर एके सकाळी सहज सांगावं तसं म्हणाल्या की देवाला कुणाच्याही हातचं चालतं, आणि पाऊस ओसरला की तम्माला मठात कळवायला सांग.

वाट झाली, तरी या निघाल्या? यजमान वैद्यांकडं पळाले. वैद्यांनी नाडी पाहिली, काही नाही म्हणाले. अक्कांची वाट म्हणून एरवी मी कडेच्या मातीतून जायचे; त्या दिवशी रागारागानं घागर उचलली आणि कोब्यावरूनच विहिरीकडं निघाले. दारापासून चार पावलं गेले असेन, पाय सटकला आणि अशी सपशेल आपटले की घागर गडगडत पार विहिरीच्या काठाला लागली. तिथंच बसले. हात फिरवून पाहिला. ओला झालेला कोबा शेवाळाहून निसरडा! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तशीच ओल्या लुगड्यानं आत गेले आणि अक्कांना विचारलं, तुम्हीही पडलात ना? त्यांनी आधी मला हळू बोलायला सांगितलं. मग म्हणाल्या, "घोटताना तो गुणगुणत होता ग. आई गेल्यापासून त्याच्या तोंडून मी गुणगुणणं ऐकलं नव्हतं. ती वाट निसरडी झालीय, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. भावाचं मन मोडू नये म्हणून ही बाई घर सोडायला निघाली होती! तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

माझ्या आईनं लग्नात दिलेली पाट्याची टाकी, म्हणजे बारीक छिन्नी, आणि हातोडी माझ्याकडं होती. पाटा झिजून गुळगुळीत झाला की चटणी वाटली न जाता नुसती सरकते, म्हणून बायका त्याला टाकी लावतात, बारीक बारीक टवके काढून खरखरीत करतात. मी डोक्यावर घोंगडी घेतली, विहिरीच्या टोकाला बसले आणि कोब्याला टाकी लावायला लागले. यजमान शाळेतून आले तेव्हा निम्मी वाट झाली होती. त्यांचा आरसा देवी आलेल्या तोंडासारखा दिसत होता. छत्री धरून ते नुसते उभे राहिले. मला शब्द जुळवता येत नाहीत, जे होतं ते सांगून टाकलं. अक्का हिच्यावरून पडल्यात, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मठात निघाल्यात.

त्यांनी छत्री मिटून बाजूला ठेवली. धोतर खोचलं आणि माझ्या हातातून टाकी घेतली. अंगठा ठेचून घ्यायचा तो घेतलाच, पण दारापर्यंतच्या उरलेल्या वाटेला त्यांनी एकट्यानं टाकी लावली. मधे एकदाही गुणगुणले नाहीत. आतून अक्कांना ते ठोके ऐकू येत असणारच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागचं दार वाजलं तशी आम्ही दोघं उठून दाराआड उभे राहिलो. पाऊस भुरभुरत होता. अक्कांनी पहिलं पाऊल कोब्यावर टेकवलं, तळवा मागंपुढं घासून पाहिला आणि चालायला लागल्या. यजमानांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की कळ आली. रहाट वाजला. अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग अक्का भरली घागर कमरेवर घेऊन, ओलेत्यानं, सावकाश पावलं टाकत परत आल्या आणि दारापाशी थांबल्या. आम्ही श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"सरका दोघं, आत येऊ द्या," त्या म्हणाल्या. "आणि तम्मा, मठाला काही कळवू नकोस."

त्या आत गेल्या. यजमान पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले, आणि मी, एरवी जिच्या जिभेला विसावा नाही, त्यांच्याशेजारी गप्प बसून राहिले.