मागच्या सीटवरच्या मावशी

आमच्या सायकलमावशींच्या तोंडून ‘सांभाळून’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमधल्या मराठी आईबापांत हा मोठाच अपवाद. आम्ही बाकीचे, पोर घसरगुंडीवर चढलं तरी त्या शब्दाचा जप करतो. मावशींचं म्हणणं, “तुम्ही ओरडलात की पोर रस्ता सोडून तुमच्या तोंडाकडे पाहतं, आणि मग पडतं.”

मावशी मूळच्या नागपूरच्या. इथल्या एका लॅबमधून निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्यात चार-पाच कुटुंबं गोळा करायच्या आणि जुन्या कालव्याकाठच्या कच्च्या वाटेने पोराबाळांसकट सायकलवर न्यायच्या. दिवसभर सायकल, संध्याकाळी मोटेल. नियम एकच, सगळ्यात हळू चालवणारा पुढे. आम्ही गेलो त्या वर्षी पहिल्याच दिवशी त्यांनी मला पुढे काढलं. मला वाटलं, नेतृत्वगुण दिसले असावेत. दिसला होता तो माझ्या कॅरियरला बांधलेला कुकर. सामानाची गाडी बायको चालवत होती आणि तिने कुकरला गाडीत जागा नाकारली होती. मावशी म्हणाल्या, “काय करून राहिले तुम्ही? वरणभात चार दिवस नाही मिळाला तर पोरं वाळत नाहीत.”

खरा प्रश्न आमच्या रेवाचा होता. बारा वर्षांची, उंचीने आईला गाठलेली. आदल्या वर्षी पडून तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून सायकलला हात लावत नव्हती. मैत्रिणी सगळ्या निघालेल्या आणि ही घरी बसते म्हणत होती. ही भीती आत्ता नाही गेली तर कायमची वस्तीला येईल, असं मला वाटत होतं. म्हणून मी तिच्यासाठी टँडम, म्हणजे दोघांनी चालवायची सायकल, भाड्याने घेतली. मी पुढे, ती मागे. जेमतेम पहिलं वळण गेलं आणि ती उतरली. “बाबा, आय कान्ट सी एनीथिंग. मला घरी जायचंय.” मी समजावलं, आइस्क्रीम कबूल केलं, शेवटी आवाज चढवला. ती गवतात जाऊन बसली.

मावशींनी आपली सायकल माझ्या हातात दिली आणि स्वतः टँडमच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढची सीट रिकामी. रेवाने विचारलं, हँडल कोण धरणार?

“तू. मागून मला काही दिसत नाही. काय येतंय ते सांगत जा.”

“व्हॉट इफ वी फॉल, मावशी?”

“मग दोघी पडू. मी म्हातारी आहे, आधी मला उचल.”

रेवा हसली नाही, पण उठली. झोकांड्या खात निघाल्या दोघी. थोड्या वेळाने पुढून तिचा आवाज येऊ लागला. खड्डा. डबकं. गीज, लॉट्स ऑफ गीज. वाटेत रानहंसांचा थवाच बसला होता. मावशी प्रत्येकाला मागून “बरं” म्हणत होत्या.

सहल संपायच्या आत रेवाने गाडीवर बांधून आणलेली स्वतःची सायकल मागितली आणि बघता बघता वळणाआड दिसेनाशी झाली. मी टँडमवर एकटाच जिवाच्या आकांताने पेडल मारायला लागलो. मावशी आपल्या सायकलवरून शेजारी आल्या. “राहू द्या हो. कोणी पाहत नसताना चालवू द्या तिला जरा.”

दोन वर्षांपूर्वी मावशी लेकीकडे, इथून सात-आठ तासांच्या ड्राइव्हवर, श्रूजबरीला राहायला गेल्या. फोन येतो, पण रेवाला. आता ती अठराची. कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकटीच तिकडे ड्राइव्ह करून जाणार, सायकल घेऊन. मी मावशींना फोन केला, म्हटलं, पोरीकडे लक्ष असू द्या.

“ती येतेय माझ्याकडे लक्ष द्यायला,” त्या म्हणाल्या. “गुडघा बदललाय ना. डॉक्टर म्हणतात, चालवा आता सायकल. आणि मला भीती वाटतेय हो. घरात कोणाला सांगितलं नाही, तिला सांगितलंय.”

मी फोन ठेवला आणि रेवाची सायकल गाडीला बांधून द्यावी म्हणून खाली गेलो. तिची तिने केव्हाच बांधली होती.