दहा मिनिटांचं पान

ऑफिसात तिला सगळे 'खात्रीबाई' म्हणत, आणि हे नाव तिने कष्टाने कमावलं होतं. रक्ततपासणीच्या यंत्राबरोबर जे सॉफ्टवेअर जातं, त्याची मदतपानं ती लिही. काही अडलं की मदतीचं बटण दाबायचं आणि पडद्यावर उघडेल ते वाचायचं. "मदत वाचतो कोण?" असं साहेब दर बैठकीत म्हणायचे. "अडलेला माणूस," ती म्हणायची, "आणि त्याला चुकीचं वाचून चालत नाही." एकेका वाक्यासाठी ती इंजिनिअर मंडळींचं डोकं खाई.

निवृत्तीला चार महिने उरले असताना जुनी पानं नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायचं काम तिच्या गळ्यात पडलं. ती पानं ज्या प्रोग्रॅममध्ये बनवली होती, तो आता कोपऱ्यातल्या एकाच म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चाले, आणि नवा प्रोग्रॅम त्याची फाइल धड उघडेना. जबरदस्तीने आत घातली तर तक्ते मोडत, चित्रं गायब होत, पायऱ्यांचे आकडे जागोजागी पुन्हा एकपासून सुरू होत. दोघांचं सासू-सुनेइतकंही जमत नव्हतं. सासू-सुना निदान भांडतात तरी! शेवटी तिने दोन पडदे शेजारी मांडले आणि एकेक पान हाताने उतरवायला घेतलं. प्रत्येक बदल यादीत लिहायचा: काय, का, कोणी केला. 'का'च्या रकान्यात सहाशे वेळा एकच उत्तर होतं: 'रूपांतरातली दुरुस्ती.' साहेब न वाचताच सही करत.

दोनशे बारावं पान यंत्र सुरू करण्याचं. 'हिरवा दिवा लागल्यावर दहा मिनिटं थांबा, मगच रक्त घ्या.' जुन्या प्रोग्रॅममध्ये लिहिणाऱ्याला पानाच्या पोटात स्वतःपुरती टीप ठेवता येई. वाचणाऱ्याला ती दिसत नसे. इथे एक टीप होती, तिचीच: 'दहा की एक? विचारून घेणे.' तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.

तिने विचारलंच नव्हतं. आता फोन केला, तर यंत्राचा इंजिनिअर म्हणाला, "एक मिनिट. पहिल्यापासून एकच आहे. दहा कोणी सांगितलं तुम्हाला?"

तिला लॅबमधला बाक आठवला. दर तीन महिन्यांनी ती सासूबाईंना उपाशीपोटी रक्त द्यायला घेऊन जाई. तिथेही हेच यंत्र होतं. सकाळी ते सुरू झालं की लॅबवाल्या ताई "दहा मिनिटं बसा" म्हणत, आणि बाकावरची सगळी उपाशी माणसं निमूट बसून राहत. सासूबाईंचे हात कापायला लागायचे. मग दोघी मिळून त्या यंत्राच्या नावाने बोटं मोडत. असे बाक कुठे कुठे असतील आणि अशा सकाळी किती गेल्या असतील, याचा विचार करायची तिची हिंमत झाली नाही.

नवरा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. रूपांतरातली दुरुस्ती म्हण आणि सोडून दे. तो डबा भंगारात गेला की टीपही गेली. जाता जाता नाव कशाला घालवतेस?"

खोटं कशाला सांगावं, तिला ते पटलं. यादीत तिने तेच शब्द लिहिलेही. पण दुपारभर तिला दुसरं काही सुचेना. शेवटी तिने ते खोडलं आणि लिहिलं: 'चूक माझी. खात्री केली नव्हती.' साहेबांनी न वाचता सही केली. माणसाने एवढा धीर गोळा करून कबुली द्यावी आणि ती ऐकायलाच कोणी नसावं, याला काय म्हणावं!

महिन्याभरात नवी पानं सगळ्या लॅबमध्ये पोचली. सासूबाईंच्या तपासणीचा दिवस आला. ताईंनी यंत्र सुरू केलं, हिरवा दिवा लागला, आणि पाठ केल्यासारखं त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं बसा हं सगळे." त्यांचंही बरोबरच होतं. मदत वाचायला त्या अडल्या होत्या कुठे?

खात्रीबाई उभी राहिली.

"ताई, दहा नाही, एकच मिनिट. ते पान मी लिहिते. दहा मी चुकून लिहिलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. नवं पान उघडून बघा."

ताईंनी बटण दाबलं. वाचलं, पुन्हा वाचलं. बाकावरचे एक काठीवाले आजोबा म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही उगाचच..."

सासूबाई सुनेकडे बघत होत्या. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

"म्हणजे मी शिव्या घालत होते त्या तुला?"

"हो, आई."

सासूबाईंचे हात कापतच होते. त्यांनी शेजारची पिशवी उचलून खाली ठेवली आणि बाकावर जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "एक मिनिट तर आहे."