पावसातली विमानं मी गाळली

ही गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतो — पण तुम्ही तरी विश्वास ठेवाल का? आख्ख्या तासगाव तालुक्यात माझी ख्याती आहे : माझ्या तोंडून निघालेली शेळी वेशीपर्यंत जाईतो हत्ती होते.

गावाला माझी एक गोष्ट लय आवडते. धो धो पावसात दोन विमानं एकाच धावपट्टीवर आली, आणि मी खिडकीतून अशी काही आरोळी ठोकली की वरचं विमान दचकून परत ढगात गेलं! "आवं दाजी, त्या इमानाचं सांगा की!" पाव्हणेरावळे मागेच लागतात. हसून हसून लोळतात. आणि मी?

ती सांगितली की मला त्या रात्री झोप येत नाही.

काम असं होतं. मोठ्या शहरातल्या गर्दीच्या विमानतळावर, उतरलेलं विमान धावपट्टी मोकळी करायला किती वेळ घेतं, ते मोजायचं. मिरजेचा सलीम, माझा कॉलेजपासूनचा दोस्त, काचेआड घड्याळ घेऊन बसायचा. विमानाचं नाक पट्टीवरून वळलं म्हणून भागत नाही. शेपूट पट्टीबाहेर गेली की मगच बटण. आकडे तो आणायचा, सरासरी मी काढायचो. ती जितकी कमी, तितकी मागची विमानं जवळ जवळ उतरवता येतात. साहेबांना कमीच हवी होती. तसं ते बोलले नाहीत — बोलायला कशाला लागतं?

ओल्या पट्टीवर विमानं रेंगाळतात. सलीमनं ती सगळी मोजली होती. मी गाळली. 'अपवाद' म्हणून. पावसाळ्यातला पाऊस — अपवाद?

त्या सरासरीवर विमानांमधलं अंतर कमी झालं. मग एका पावसात पुढचं विमान अजून पट्टीवर, आणि मागचं जवळजवळ टेकलेलं — वैमानिकानं ऐनवेळी उचललं, म्हणून माणसं वाचली. मी तेव्हा हापिसात होतो. आरोळी कसली, तिथं खिडकीसुद्धा नव्हती.

चौकशीत विचारलं, आकडे इतके कमी कसे? मी म्हणालो — सलीम नाक वळल्यावरच बटण दाबत असणार, पावसात शेपूट दिसते कुठं? मूळ आकडे माझ्याच कॉम्प्युटरवर होते. ते मी आधीच पुसले होते.

सलीमचं काम गेलं. आता तो मिरजेत वडिलांच्या सतारीच्या दुकानात बसतो. परवा गेलो होतो. चहा सांगितला त्यानं.

"गड्या, लय आठवून बघितलं," तो म्हणाला. "माझाच अंगठा घाई करत असंल. माणसं मेली असती रं. तुझंबी नाव खराब झालं माझ्यापायी. माफ कर."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि — त्याला माफ केलं.