बटणरावांचा रनर झोपतो तरी कधी

जिन्यातला दिवा उगाच जळताना दिसला की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ चपला घालून खाली येतात आणि तो बंद करतात. म्हणून सगळी इमारत त्यांना बटणराव म्हणते. इमारत पाठीमागे, बायको तोंडावर.

एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते सर्व्हर सांभाळतात. तिथे कोणी नवा कोड लिहिला की तो तपासून पास-नापास सांगणारा प्रोग्राम, म्हणजे रनर, भाड्याच्या मशीनवर चाले. तिथे तपासणीची रांग हनुमानाच्या शेपटासारखी. बटणरावांच्या डोक्यात किडा वळवळला. कोपऱ्यात आपला जुना सर्व्हर धूळ खातोय, त्यावर घरचाच रनर बसवला तर?

साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत चालवून दाखवा. नाहीतर तो डबा भंगारात."

बटणराव चरकले. नोकरीला लागल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने जोडलेलं ते पहिलं मशीन.

रनर बसला, पडद्यावर हिरवा ठिपका आला, कामं पटापट पास. सकाळी बघतात तर ठिपका राखाडी, म्हणजे रनर बंद. सुरू केला, दिवसभर पळाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा आडवा. तारा तपासल्या, नेटवर्क तपासलं, पंखासुद्धा पुसला. हे खुर्चीत असले की तो जागा, हे गेले की गार. असं का, या विचारात बसथांबा मागे राहिला.

"जीव जडलाय त्याचा तुमच्यावर," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या.

गुरुवारी चहा घेताना बायकोने विचारलं, "निघताना काय काय करता, ते सांगा बघू."

"काय करणार? खिडकी लावतो, पंखा बंद, दिवा बंद, सर्व्हरवरून लॉगआउट..." त्यांनी कप खाली ठेवला.

रनर त्यांनी स्वतःच्या लॉगिनमध्ये सुरू केला होता. मालक बाहेर पडला की तोही मागोमाग.

"म्हणजे दिव्यासारखा विझवलात की त्याला," बायको म्हणाली. "आणि मला वाटायचं, ही खोड जिन्यापुरतीच."

शुक्रवारी सकाळी त्यांनी रनर सर्व्हिस म्हणून बसवला: कोणी आत असो-नसो, मशीन उठलं की हाही उठणार. लॉगआउट करून रस्त्यापलीकडे जाऊन मोबाइलवर पाहिलं. हिरवा. मन भरेना, म्हणून परत येऊन मशीनच बंद-चालू केलं. तरी हिरवा.

साहेब आले. "आधी तुम्ही खुर्चीतून उठा."

बटणराव लॉगआउट करून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आत काम आलं, चाललं, पास झालं.

"राहू द्या डबा," साहेबांचा आवाज आला.

संध्याकाळी दिवा, पंखा बंद करताना हात सवयीने सर्व्हरच्या बटणाकडे गेला. बटणराव थबकले, टेबलावरची चिकटपट्टी घेतली आणि बटणावर आडवी-उभी चांगली जाड लावून टाकली.