अक्कांनी पाणी घातलेला खड्डा

आमच्या बिल्डरने तळमजल्यावरच्या अक्कांना फसवलं. फसवलं सगळ्या बिल्डिंगलाच, पण शॉक बसला अक्कांना, म्हणून त्यांचं नाव आधी.

वेस्ट मांबलममधल्या आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप अक्का चालवायच्या. कोणी नेमलं नव्हतं. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. दुसऱ्या कुणी बटण दाबलं तर टाकीत पाणी चढलं असं त्यांना वाटायचंच नाही. पहाटे अंघोळ, मग ओल्या सोवळ्यात अनवाणी थेट पंपाच्या खोलीत. चप्पल घाला म्हणून मी किती डोकं फोडलं. "सोवळ्यात चप्पल काय रे तंबी? गंगा वर चढवायची आहे." बोअरच्या खारट पाण्याला मी गंगा म्हणेना, त्यावर आमचा आठवडाभर अबोला.

स्विचच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला की कधीकधी झिणझिण्या यायच्या. इलेक्ट्रिशियन आणतो म्हटलं, तर म्हणाल्या, "कशाला? मोटर जागी आहे, एवढंच कळतं त्यातून." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पंपाच्या खोलीबाहेर अर्थिंगचा खड्डा होता, वर सिमेंटचं झाकण. उन्हाळ्यात यात पाणी ओतत जा, माती ओली असली की गळका करंट जमिनीत उतरतो, असं बिल्डरने ताबा देताना सांगितलं होतं. गोष्ट खरीच आहे. अक्कांनी तिचं व्रत केलं. तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्या खड्ड्यात, बारा महिने. इकडे तमिळ मुलखात पाऊस कार्तिकात; त्या धो धो पावसात छत्री धरून त्या ओतत होत्या तेव्हा मी हसलो, तर म्हणाल्या, "पाऊस त्याचं घालतो, मी माझं."

मग त्या कुंभकोणमला लग्नाला गेल्या. परत आल्या त्या पहाटे पेटीला हात लावला आणि भिंतीवर फेकल्या गेल्या. उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत. दवाखान्यात मी सगळ्यांच्या नावाने ओरडत होतो. अक्का म्हणाल्या, "गळा सुकेल तुझा. चूक माझी. लग्नाला गेले, खड्डा कोरडा पडला."

मी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणून खड्डा उकरायला लावला. आत पाइप नाही, पट्टी नाही, ओल धरून ठेवणारं कोळसा-मीठ काही नाही. मोटरकडून आलेली अर्थिंगची हिरवी वायर भिंतीत शिरून प्लास्टरखालीच संपलेली. आता खरा पाइप पुरलाय, मोटर आणि पेटी दोन्ही त्याला जोडल्यात, करंट गळला की तत्क्षणी पडणारा ब्रेकरही बसवलाय. एरवी मी कोथिंबिरीलाही नावं ठेवून भाव पाडतो; या कामात एका शब्दानेही घासाघीस केली नाही. इलेक्ट्रिशियनला माझाच संशय आला.

अक्कांना मुलगा शोळिंगनल्लूरला घेऊन गेला. तिथे पंप आपोआप चालतो, अक्कांना काही काम नाही. मी जाऊन सगळं सांगितलं.

"सेरी, बरं," म्हणाल्या, "पण तू सगळ्यांच्याच मालाला नावं ठेवतोस रे तंबी. लग्नाला जायला नको होतं मी."

जन्मभर भाव पाडत आलो, त्याचं हे फळ: खरं बोललो तरी त्यांना पटत नाही. म्हणून बिल्डरने शोळिंगनल्लूरला यावं. वकील नको, भरपाईची भाषा नको. अक्कांच्या समोर बसून त्याने सांगावं की त्या झाकणाखाली त्याने काहीच पुरलं नव्हतं, आणि तिथे कितीही पाणी ओतलं असतं तरी तो शॉक बसलाच असता. तो माझा फोन उचलत नाही. मी रोज करतो.